दंड आमचा, पण वरची 'प्रोसेसिंग फी' कशाची?

बेळगावातून शनिवारी सेल्फ-ड्राइव्ह गाडी काढायची आणि चोर्ल्यातून गोवा गाठायचा, नाहीतर कोगनोळी ओलांडून कोल्हापूर. रविवारी रात्री गाडी जमा. आठवड्याभरानं मेसेज येतो : चलन आलंय, दंड 1000, प्रोसेसिंग फी 500, डिपॉझिटमधून वळते केले. कुठलं चलन, कुठला कॅमेरा, किती वाजता, काही नाही.

दंडाबद्दल आपलं भांडण नाही. सीट बेल्ट लावला नसेल, गाडी पळवली असेल, तर दंड भरायचा. चलन मालकाच्या नावावर जातं म्हणून गाडी वाट्टेल तशी हाणणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. प्रश्न वरच्या पाचशेचा आहे.

हे पैसे नेमके कोणत्या कामाचे? ई-चलन फाटतं ते नंबर प्लेटवर, त्यामुळे मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो. मालक भाड्याची वही किंवा अॅप बघतो, त्या वेळी गाडी कुणाकडे होती ते शोधतो आणि कळवतो. पोलिसांनी विचारलं तर चालकाचं नाव, पत्ता, लायसन्सची माहिती देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार मालकाचं कर्तव्यच आहे. म्हणजे कायद्यानं जे करायलाच हवं, त्याचंच बिल आपल्याला लावायचं. तेही दर चलनामागे. एकाच रस्त्यावर दोन कॅमेऱ्यांनी टिपलं की फी दोनदा, शोधाशोध मात्र एकदाच!

गाडीवाल्याची बाजू अगदीच खोटी नाही. चार-पाच गाड्या असलेल्या माणसाचं गिऱ्हाईक निघून गेल्यावर चलन येतं, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, आणि थकीत चलनामुळे आरटीओत अडकतो तो. त्यानं शंभर रुपये घेतले तर मी वाद घालणार नाही. पण दंडाच्या निम्मी रक्कम म्हणजे खर्चाची भरपाई नव्हे, तो धंदा झाला.

आणि खरं नुकसान पाचशेच्या पलीकडचं आहे. कंपनीनं परस्पर दंड भरून टाकला की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. चलन चुकीचं असेल, तर कोर्टात जायची तुमची वाट बंद. 2023 च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं थकीत चलनांवर 50 टक्के सूट दिली होती. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून आधीच पूर्ण दंड कापून ठेवलेला असेल आणि भरताना निम्माच भरला, तर उरलेले कुणाच्या खिशात जातात? विचारा की ओ!

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'अन्याय्य करार' अशी स्पष्ट व्याख्या आहे. ग्राहकावर अवाजवी आकार लादणं त्यात येतं, आणि झालेल्या नुकसानीच्या मानानं फारच जास्त दंड लावणंही. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. पाचशे रुपयांसाठी कोण जाणार? नेमक्या याच हिशोबावर ही फी तगून आहे.

म्हणून काळजी आधीच घ्या. करार इंग्रजीत असतो, आपण खाली सही ठोकतो आणि निघतो. तसं न करता फीचा आकडा कुठे लिहिलाय ते बोट ठेवून विचारा. लिहिलेलाच नसेल तर कापायचा अधिकार कुठून आला? गाडी घेताना आणि देताना मीटरचा फोटो काढा, वेळेसकट. चलनावर तारीख-वेळ असतेच; तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा दंड तुमच्या गळ्यात पडला तर हाच फोटो कामाला येईल. पैसे कापले की चलन नंबर आणि भरल्याची पावती मागा. नंबर मिळाला की परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर स्वतः बघता येतं.

गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, तेही बघा. गोव्यात पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात; तिथे करार नाही, पावती नाही, मग भांडायचं कशाच्या जोरावर?

पावती दिलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.