शाळाप्रवेशाचा सोहळा आणि रजिस्टरची नोंद

जून उजाडला की आपल्या वस्त्यांत लेकरांच्या शाळाप्रवेशाचे बेत ठरू लागतात. फेटा, बॅन्ड, केक, चौकात फ्लेक्स. आनंद करू नये असे कोण म्हणेल? ज्यांच्या पणजोबांना वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांच्या घरी हा दिवस साजरा झालाच पाहिजे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस आहे. म्हणजे उत्सव आहे तो एका नोंदीचाच!

आणि नेमकी तीच नोंद आपण कारकुनावर सोडून देतो. वकिली करताना हे नेहमी पाहतो : जन्मतारीख चुकलेली, आडनाव दाखल्यागणिक वेगळे, धर्म बौद्ध लिहिला पण जातीचा रकाना कोरा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले खरे. परंतु पडताळणी समिती कागदच मागते, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना घरच्यांची दमछाक होते.

तेव्हा पाहुणे बोलवा, बुद्धवंदना घ्या, खीर वाटा. कर्ज काढून डीजे मात्र नको. आदल्या रविवारी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीतून काढा. प्रवेशाच्या वेळी रजिस्टरात काय लिहिले ते आईने वाचावे (बाप घाईत सही करून मोकळा होतो). आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ दाखवा. त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही.