दूरस्थ आहारशास्त्र-आंतरवासिता : अटी आणि आपली स्वाक्षरी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय हा नववा अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. ज्याचे शास्त्राध्ययन पूर्ण झाले आहे, अशा शिष्याकडूनही कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनकर्माचा सराव करून घ्यावा, असे आचार्य तेथे सांगतात. लगेच पुढील विशिखानुप्रवेशनीय अध्यायात अध्ययन, कर्मदर्शन व सराव झाल्यावर, राजाची अनुज्ञा घेऊन मगच वैद्याने व्यवसायात पाऊल टाकावे, असा क्रम त्यांनी घालून दिला आहे. पथ्यापथ्य सांगणाऱ्यालाही हा क्रम तितकाच लागू आहे, असे आमचे मत आहे. ते येथे मांडण्यास निमित्त झाले, ते एकाच आठवड्यात आमच्या टेबलावर आलेल्या दोन कागदांचे.

पहिला कागद म्हणजे विवाहानंतर अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या, आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीचे पत्र. गृहविज्ञान शाखेची येथील पदवी घेऊन ती तेथे गेली, पदवीचे मूल्यांकन करून घेतले, उरलेले विषय पूर्ण केले आणि आता दूरस्थ पद्धतीच्या आंतरवासितेसाठी धडपडत आहे. दुसरा कागद होता आपल्याकडील एका अल्पमुदतीच्या आहारविषयक प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा. 'सदर विद्यार्थ्याने आपल्या चिकित्सालयात तीन महिने प्रात्यक्षिक पूर्ण केले' असे त्यावर छापलेले होते. विद्यार्थ्याचे नाव, तारखा, तास, सर्व भरलेले होते. तो विद्यार्थी आम्ही कधी पाहिलेला नव्हता. कागद आणणारे गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाकी सगळं भरलेलं आहे, फक्त सही-शिक्का द्या. मानधनाचं पाकीट सोबत आहेच."

या दोन कागदांमधील अंतर वाचकांच्या ध्यानी यावे, म्हणून प्रथम अमेरिकेतील पद्धत थोडक्यात सांगतो. तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस बसण्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून किमान पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. त्याखेरीज मान्यताप्राप्त कार्यक्रमाअंतर्गत किमान १००० तासांचे पर्यवेक्षित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. रोजचे ८ तास धरले तर हे १२५ दिवस होतात. आठवड्यास पाच दिवस या हिशेबाने २५ आठवडे. दूरस्थ प्रकारात शिक्षणसंस्था पाठ, स्वाध्याय आणि चर्चा इंटरनेटवरून घेते, आणि विद्यार्थ्याने आपल्या घराजवळची रुग्णालये व मार्गदर्शक बहुधा स्वतः शोधावयाचे असतात. मात्र शोधण्याचे काम विद्यार्थ्याचे असले तरी ते स्थळ योग्य आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी संस्थेचीच राहते. मार्गदर्शकाची पात्रता पाहिली जाते, आणि संस्था व रुग्णालय यांच्यात लेखी करार झाल्याशिवाय कामास प्रारंभ होत नाही. लसीकरणाची प्रमाणपत्रे, पूर्वचारित्र्य पडताळणी व विमा यांची पूर्तताही बहुतेक ठिकाणी आधी करावी लागते. रुग्णालयातील रुग्णांचा आहार, समाजातील पोषणकार्य आणि मोठ्या स्वयंपाकघराचे व्यवस्थापन, या तिन्ही क्षेत्रांतील अनुभव अपेक्षित असतो.

आमच्या विद्यार्थिनीची अडचण अशी की, मार्गदर्शक होण्यास वेळ असलेला आहारतज्ज्ञच तिला मिळत नाही. पत्रांमागून पत्रे लिहूनही नकार येत आहेत. तिची व्यथा आम्ही समजू शकतो. परंतु नकार देणारे ते आहारतज्ज्ञ एक गोष्ट जाणतात, ती ही की मार्गदर्शक होणे म्हणजे वेळ देणे होय. आणि वेळ नसेल तर 'नाही' म्हणणे हाच प्रामाणिकपणा होय. दूरस्थ पद्धतीत अंतर असते ते विद्यार्थी आणि वर्ग यांच्यामध्ये. विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यामध्ये, अथवा विद्यार्थी आणि प्रत्यक्ष मार्गदर्शक यांच्यामध्ये ते असू शकत नाही.

आपल्याकडील कायदेशीर स्थितीही ध्यानात घ्यावयास हवी. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून चिकित्सीय पोषण व आहारशास्त्र, तसेच अन्न व पोषणविज्ञान हे विषय दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. म्हणजे पदवीचे दार त्या बाजूने बंद झाले. लहान प्रमाणपत्रांचे पेव मात्र फुटलेलेच आहे. आणि त्या प्रमाणपत्रांना वजन प्राप्त होते ते आपल्यासारख्यांच्या सही-शिक्क्याने.

'आहारच तो, त्यात धोका कसला?' असे कोणी म्हणेल. आम्हीही एके काळी असेच समजत होतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत पन्नाशीचे एक शेतकरी आमच्याकडे आले. जिभेवर साम लेप, अंगाला जडत्व, भूक नाही. आम्ही दोन दिवस लंघन आणि केवळ मुगाचे कढण सांगितले. शास्त्राप्रमाणे सल्ला चुकीचा नव्हता. परंतु ते मधुमेहासाठी रोज ग्लिबेनक्लामाईडची गोळी घेत होते, हे आम्ही विचारलेच नाही आणि त्यांनी सांगितले नाही. गोळी चालू राहिली, अन्न थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे घामाने भिजलेल्या, बेशुद्ध अवस्थेत नातेवाइकांनी त्यांना शासकीय रुग्णालयात नेले. तेथे शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. ते वाचले, यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. त्या वेळी एखादे ज्येष्ठ वैद्य शेजारी बसून आमचा केसपेपर पाहत असते, तर 'दुसरी औषधे कोणती?' हा एकच प्रश्न त्यांनी विचारला असता. पर्यवेक्षण म्हणजे दुसरे काय? जो प्रश्न विचारावयाचा आपण विसरतो, तो विचारणारा माणूस जवळ असणे.

हाच धोका इतरही ठिकाणी आहे. वृक्कविकाराच्या रुग्णास 'शीत' म्हणून नारळपाणी सांगितले, तर त्यातील पोटॅशियम हृदयाच्या गतीवर उठू शकते. वॉरफरिन घेणाऱ्याने अचानक भरपूर पालेभाज्या सुरू केल्या, तर औषधाचा परिणाम कमी होतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली. ही आठ नावे घरी बसून पाठ करता येतात. परंतु समोरच्या उपयोक्त्याच्या ठिकाणी ती लावून पाहणे हे कौशल्य रुग्णाजवळ बसल्यावाचून येत नाही.

म्हणून दूरस्थ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास प्रशिक्षणासाठी स्वीकारताना आपल्या सभासदांनी पुढील अटी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो.

१) शिक्षणसंस्था, प्रशिक्षणस्थळ आणि विद्यार्थी यांच्यात पहिल्या दिवसापूर्वी लेखी करार असावा. रुग्णास दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

२) मार्गदर्शक त्याच वास्तूत उपस्थित असताना विद्यार्थ्याने रुग्ण पाहावा. विद्यार्थ्याने लिहिलेला आहारतक्ता मार्गदर्शकाने वाचून, सही करून मगच रुग्णाच्या हाती द्यावा. त्यावर रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची नोंद असावी.

३) तासांची नोंदवही रोजची रोज लिहावी आणि सही त्याच दिवशी व्हावी. महिनाअखेरीस एकगठ्ठा सह्या करू नयेत.

४) ज्या कामाची सोय आपल्याकडे आहे, त्याचेच प्रमाणपत्र द्यावे. केवळ बाह्यरुग्ण विभाग असलेल्या चिकित्सालयाने आंतररुग्णांच्या अनुभवाचा दाखला देऊ नये. समाजकार्यासाठी अंगणवाडी अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि स्वयंपाकघरासाठी खाटा असलेले रुग्णालय हवे. संसर्जनक्रम शिकवावयाचा तर पेया चौदापट पाण्यात आणि विलेपी चौपट पाण्यात विद्यार्थ्याने स्वतः शिजवून पाहिली पाहिजे. किती तांदळाची किती वाट्या होते, हे त्याने मोजले पाहिजे.

५) विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण करण्याचा अधिकार मार्गदर्शकास असावा. सहीगणिक मानधन कोणीही स्वीकारू नये. शिकविण्याच्या वेळेचे मानधन घेण्यात गैर नाही, परंतु नापास करण्याचे स्वातंत्र्य विकून घेतलेला पैसा हा शिकविण्याचा मोबदला नव्हे.

औषधी दुकानांच्या चालक बंधु-भगिनींना येथे एक स्वतंत्र विनंती आहे. प्रशिक्षणार्थीस दुकानाच्या काउंटरवर उभे करून पौष्टिक पावडरींचे डबे विकावयास लावणे, ही आंतरवासिता नव्हे. परंतु आपले दुकान हे उत्तम प्रशिक्षणस्थळ होऊ शकते, हेही तितकेच खरे. अवलेहात साखर किती, आसवारिष्टात गूळ-साखरेबरोबर स्वयंनिर्मित मद्यार्क असतो, लवणभास्कर चूर्ण उच्च रक्तदाबाच्या रुग्णास देताना मिठाचा विचार कसा करावा, हे लेबल वाचून विद्यार्थ्यास दाखविणारे आपल्याइतके योग्य दुसरे कोणी नाही. आठवड्यातील एक दुपार यासाठी द्यावी आणि नोंदवहीत तेवढेच तास लिहावेत.

या अटी कडक आहेत, खेड्यापाड्यांतील, विशेषतः संसार सांभाळून शिकणाऱ्या भगिनींना त्या जाचक होतील, असा आक्षेप येईल. तो आम्ही हलका मानीत नाही. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस येऊन राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी दूरस्थ अध्ययन हे वरदानच आहे. म्हणूनच त्यांचे प्रमाणपत्र पोकळ असता कामा नये. तालुक्याच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ नसेल, तर स्थानिक वैद्याने प्रत्यक्ष पर्यवेक्षण करावे आणि दूरच्या आहारतज्ज्ञाने आठवड्यातून एकदा रुग्णचर्चा घ्यावी. अशी जोडी जमत असेल तर ती अवश्य जमवावी. जेथे तीही जमत नाही, तेथे विद्यार्थी कमी घ्यावेत.

आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचे नाही. बी.ए.एम.एस.च्या एक वर्षाच्या आंतरवासितेत हजेरीपट कसे भरले जातात, हे आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे. त्या वर्षी जे शिकावयाचे राहिले, ते पुढे आपल्या रुग्णांच्या जिवावर शिकावे लागले. आमच्या त्या शेतकरी रुग्णाचा प्रसंग त्याचेच उदाहरण होय.

न्यू जर्सीच्या विद्यार्थिनीस आम्ही उत्तर पाठविले आहे. मार्गदर्शक मिळवून देणे आमच्या हाती नाही, परंतु आंतररुग्णांचा अनुभव मिळेपर्यंत घाई करू नये, एवढे कळविले. दुसऱ्या कागदावर आम्ही सही केली नाही. पाकीटही परत केले. त्या विद्यार्थ्यास खरोखरच शिकावयाचे असेल तर सकाळी नऊ वाजता चिकित्सालयात यावे, बसावयास खुर्ची आहे, असा निरोप दिला आहे. हा लेख लिहीपर्यंत तो आलेला नाही.

आपल्या संघटनेने आगामी कार्यकारिणीच्या सभेत या पाच अटींवर विचार करावा, त्यांत आवश्यक ती सुधारणा करावी आणि मान्य झालेला नमुना-करार प्रत्येक सभासदाकडे पाठवावा, अशी आमची सूचना आहे. तोपर्यंत असा तयार कागद ज्यांच्याकडे येईल, त्यांनी विद्यार्थ्यास प्रथम समोर बोलवावे. सही ही त्यानंतरची गोष्ट आहे.