आलाव्याचा फेर आणि मोबाईल

मोहरममध्ये आमच्या मैंदर्गी-अक्कलकोटच्या सीमाभागात पंजे बसतात, आलावा पेटतो. हलगी वाजली की त्याभोवती फेर धरणाऱ्यांत हिंदूही असतात. पलीकडे कन्नडमध्ये याला अलाई कुणित म्हणतात.

आता त्याबाहेर आणखी एक फेर असतो, मोबाईलवाल्यांचा. रील पडली की एकीकडून ‘बिदअत’चा शेरा, दुसरीकडून ‘हिंदू असून पीरापुढे नाचतोस?’ नवस फेडायला आलेला माणूस दोन्हीकडून सापडतो. मोहरम शोकाचा महिना, त्यात नाच कसला, हा वाद जुनाच आहे. तो जरूर घाला; पण कुणाचा चेहरा पुढे करून नको.

ब्युनोस आयर्सच्या चौकांत लोक उघड्यावर टँगो नाचतात. 2009 साली युनेस्कोने तो मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा मानला. तिथे सोबत नाचायचं का, हे नजरेनेच विचारण्याची रीत आहे. समोरच्याने मान हलवली तरच पाऊल पडतं. नाचणारा असा विचारतो, मग कॅमेरेवाल्याला कसली घाई?

फोटो काढूच नका, असं माझं म्हणणं नाही. पायांचा काढा, धुळीचा काढा, हलगीवरच्या हातांचा काढा. चेहरा हवा असेल तर हलगी थांबेपर्यंत थांबा, जाऊन विचारा. ‘नको’ म्हणाला तर त्याच्यासमोरच डिलीट करा.