जाहिरातीतला स्वार आणि आपल्या घरचा स्वार



बियाण्याच्या पिशवीवर छापलेले कणीस आणि आपल्या रानात निघणारे कणीस यांत फरक असतो, हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. पिशवी हातात आली की जाणता शेतकरी आधी ती उलटी करतो. उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कोणत्या तारखेची, हे लेबलावर वाचतो. शेजारच्या गावात ते वाण कोणी लावले होते का, याची चौकशी करतो. मात्र हाच शेतकरी दसरा-दिवाळीला मोटारसायकल घ्यायला निघाला की ही सारी सावधगिरी घरी खुंटीला टांगून जातो. त्यातही पैसे बापाचे आणि पसंती मुलाची असली, म्हणजे तर बोलायलाच नको.

याचे कारण असे की, मोटारसायकलची जाहिरात गाडीविषयी फार थोडे सांगते. ती सांगते गाडीवर बसलेल्या माणसाविषयी. ही गाडी घेतली म्हणजे तुम्ही कोण व्हाल, रस्त्याने जाताना लोक तुमच्याकडे कसे पाहतील, हे ती दाखवते. नवल असे की, पुढे लोक खरोखरच तसे पाहू लागतात. आज याच गोष्टीचा थोडा विचार करू. कारण यात आपला पैसा जातो, आणि कधी कधी घरचा माणूसही जातो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. 1947 सालच्या जुलै महिन्यात कॅलिफोर्निया राज्यातल्या हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला होता. तिथे काहींनी दारू पिऊन धिंगाणा घातला. 'लाइफ' या तिकडच्या गाजलेल्या साप्ताहिकाने बाटल्यांच्या ढिगाजवळ मोटारसायकलवर रेलून बसलेल्या एका माणसाचे मोठे छायाचित्र छापले. पुढे 1953 साली 'द वाइल्ड वन' हा चित्रपट आला. त्यात मार्लन ब्रँडो हा नट कातडी जाकीट घालून मोटारसायकलवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या झाला होता. मोटारसायकलवाला म्हणजे गुंड, अशी समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली. भल्या घरात मोटारसायकलचे नाव निघेना.

अशा बाजारात 1959 साली जपानची होंडा कंपनी उतरली. तिच्याजवळ 'सुपर कब' नावाची 50 सीसीची लहान गाडी होती. ती जपानात 1958 साली निघाली होती. तिच्यावर बसताना टांग टाकावी लागत नसे, समोरून पाय घालून बसता येई. हाताने क्लच दाबावा लागत नसे. साखळीवर झाकण असल्यामुळे कपडे मळत नसत. कंपनीने 1963 साली जाहिरात काढली. होंडावर तुम्हाला भली माणसे भेटतात, असा तिचा मथळा होता. चित्रात बाजाराला निघालेल्या बाया होत्या, लेकरू घेतलेली आई होती, कॉलेजातली पोरेपोरी होती. कातडी जाकीटवाला एकही नव्हता. ही कल्पना मुळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने वर्गातल्या अभ्यासासाठी मांडली होती, असे सांगतात. जाहिरात चांगलीच लागू पडली. ज्या घरांनी मोटारसायकल दारात उभी राहू दिली नसती, त्या घरांत ती गेली. पुढे 2017 साली या सुपर कबने जगभरात मिळून 10 कोटी गाड्यांचा टप्पा गाठला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, स्वाराविषयीची लोकांची समजूत ही काही दगडावरची रेघ नव्हे, ती चित्राने बिघडते आणि चित्रानेच सुधारते. दुसरी अधिक महत्त्वाची. होंडाच्या जाहिरातीत चित्र आणि यंत्र यांचा मेळ होता. गाडी खरोखरच हलकी, सोपी आणि घरगुती होती. चित्र पाहून ज्याने ती घेतली, त्याला चित्रासारखीच वापरता आली. आपल्याकडच्या जाहिराती याच मापाने मोजून पाहू.

आपल्या देशात 1980 पर्यंत मोटारसायकली मोजक्याच होत्या. बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली. ती लष्कराने वापरली, पोलिसांनी वापरली, म्हणून गावात बुलेटवाला म्हणजे फौजदार, नाही तर बडा बागायतदार, असे समीकरण झाले. राजदूतची जाहिरात धर्मेंद्र करीत असे. ती गाडी खडबडीत रस्त्याला टिकणारी म्हणून दूधवाल्यांनी उचलली. मैसूरची येझदी कॉलेजच्या पोरांची. 1972 साली पुण्यात निघालेली लूना ही शिक्षकाची, कारकुनाची, नोकरीवाल्या बाईची. दुरून फटफटीचा आवाज आला की कोण येते आहे हे लोक ओळखीत, आणि त्याला किती मान द्यायचा हेही मनात ठरवून टाकीत.

1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. तिने स्वाराला ना फौजदार केले ना हिरो. तिने त्याला शहाणा, हिशेबी गृहस्थ केले. गाडी पेट्रोल कमी पीत होती, म्हणजे इथेही चित्राचा आणि यंत्राचा मेळ होता. 1989 साली 'हमारा बजाज'ची जाहिरात दूरदर्शनवर आली. ती स्कूटरची होती, आणि तिने घरोघरच्या साध्या माणसांना पडद्यावर मान दिला.

वारे बदलले ते त्यानंतर. 2001 साली त्याच बजाजने पल्सर काढली, तेव्हा जाहिरातीत फक्त एवढेच सांगितले की, ही गाडी निश्चितच पुरुष आहे. गाडी यंत्र म्हणून चांगली होती, तिचा खप झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता गाडी कामाची आहे की नाही हा प्रश्न मागे पडला, आणि गाडीवरचा गडी मर्द आहे की नाही हा प्रश्न पुढे आला. तेव्हापासून कोण वेगात घाट उतरतो, कोण पुढचे चाक उचलतो, कोण एकटाच हिमालयाकडे निघतो. चित्र असे सुरू आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोराने ते रोज पाहावे आणि त्याला काही वाटू नये, हे कसे होणार?

जाहिरातीने सारे वाईटच केले, असेही म्हणता येणार नाही. हीरो होंडाने पुढे 'प्लेझर' ही बिनगियरची गाडी मुलींसाठी काढली. सारी मजा मुलांनीच का करावी, असा प्रश्न तिच्या जाहिरातीत प्रियांका चोप्रा विचारीत असे. आज आपल्या गावांतून आशाताई, अंगणवाडीताई, कॉलेजच्या मुली स्कूटीवरून जातात आणि कोणी वळून पाहत नाही. घरची सून गाडीवर तालुक्याला जाऊन बँकेचे काम करून येते. यात मुख्य धडाडी त्या बायांचीच, पण लोकांची नजर सरावण्याला जाहिरातीचाही हातभार लागला, हे कबूल करायला हवे.

आता आपल्या शिवारातला खरा स्वार कसा असतो ते पाहा. पहाटे दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून तो डेअरी गाठतो. दुपारी खताचे पोते आणतो. फवारणीचा पंप पाठीला लावून रानात जातो. गाय अडली तर जनावरांच्या डॉक्टरांना मागे बसवून आणतो. रात्री-अपरात्री आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. मोटारसायकलीने गावाची एवढी सेवा केली, पण हा माणूस तुम्ही जाहिरातीत कितीदा पाहिला? त्याचे चित्र निघत नाही, म्हणून त्याच्याच मुलाला बापाची गाडी जुनाट वाटते आणि किटल्या लावलेल्या गाडीवर कॉलेजला जायची लाज वाटते. उलट, चार टवाळ पोरे सायलेन्सर बदलून फटाके वाजवीत हिंडली की, 'आजकालची गाडीवाली पोरे अशीच,' असे म्हणून आपण सगळ्यांनाच त्यांच्या ओळीत बसवतो. दोन्हीकडून अन्याय होतो तो कष्टाळू मुलावर.

या चित्राची किंमत प्रथम पैशात मोजू. दूध आणि कॉलेज मिळून रोज 40 किलोमीटर, वर्षाचे 300 दिवस धरले, तर 12,000 किलोमीटर होतात. लिटरला 60 किलोमीटर जाणाऱ्या साध्या गाडीला 200 लिटर पेट्रोल लागेल. लिटरला 35 जाणाऱ्या ताकदीच्या गाडीला सुमारे 343 लिटर लागेल. फरक 143 लिटरचा. हिशेबाला सोपे म्हणून लिटरला 100 रुपये धरले तरी वर्षाला 14,300 रुपये जास्त जातात. शिवाय मूळ किंमत जास्त, हप्ता जास्त, विमा जास्त, टायर महाग. हप्ता दर महिन्याला येतो, पीक मात्र सहा महिन्यांनी येते, हे विसरू नका. लग्नाच्या बोलणीत 'नवरदेवाला अमुकच गाडी द्या' अशी मागणी आजही कानावर येते. हुंडा घेणे 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गाडीच्या रूपाने मागितला म्हणून तो हुंडा नाही असे होत नाही. त्या गाडीपायी मुलीच्या बापाचे रान गहाण पडते.

दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले 50,029 जण मेले, आणि त्यांत मागे बसलेले 14,337 होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 68 टक्के ग्रामीण भागात झाले. म्हणजे हे शहराचे दुखणे नव्हे, आपलेच आहे.

आता कोणी म्हणेल, जाहिरातीतल्या माणसाच्या डोक्यावर तर हेल्मेट असते. खरे आहे, आजकाल असते. पण आपली पोरे जाहिरातीतला वेग तेवढा उचलतात, हेल्मेट तिथेच ठेवतात. कसरत दाखवताना खाली एक सूचनाही येते, की हे प्रशिक्षित माणसाने केले आहे, कोणी अनुकरण करू नये. ती मुंगीएवढ्या अक्षरात, बहुधा इंग्रजीत येते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जाते. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यावरून विषाची तीव्रता कळते. धोका सांगायचा तर असा सांगावा. जाहिरातदारांनी स्वतःवर देखरेख ठेवण्यासाठी 1985 साली 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल' ही संस्था मुंबईत काढली. वाहतुकीचे नियम मोडताना किंवा बेफाम वेगात गाडी दाखवू नये, असे तिचे नियम आहेत. कोणाही ग्राहकाला तिच्याकडे तक्रार करता येते. फसवणूक झाली असे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

तेव्हा गाडी घेताना बियाण्याचाच नियम लावा.

पहिले, घरात सगळे बसून गाडीची कामे लिहून काढा. दूध किती, अंतर किती, रस्ता कच्चा की पक्का, गाडी कोण कोण चालवणार. घरातल्या बाईलाही ती चालवावी लागणार असेल, तर तिला दुकानात बरोबर न्या आणि गाडीवर बसवून पाहा.

दुसरे, जाहिरातीतले मायलेज खरे धरू नका. ते ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचे असते. आपल्याच भागात तीच गाडी दोन वर्षे वापरलेल्या दोघा-तिघांना विचारा. सुटे भाग कुठे मिळतात, तालुक्याच्या मिस्त्रीला ती गाडी उघडता येते का, हेही विचारा.

तिसरे, हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. हेल्मेट दोन घ्या, आयएसआय खुणेची घ्या, मागे बसणारालाही द्या. तीन माणसे बसवू नका.

चौथे, अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि शेवटचे, मुलाशी बोला. नुसते दटावून भागत नाही. त्याला जाहिरातीतला स्वार आवडतो, कारण त्याला लोकांनी मानावे असे वाटते. ही इच्छा गैर नाही. पहाटे पाचला उठून वेळेवर दूध पोचवणारा, आईला सुखरूप दवाखान्यात नेऊन आणणारा मुलगा आपल्या घरी आहे, हे त्याच्यासमोर, चारचौघांत बोलून दाखवा. आपण हे बोलत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याने काढलेल्या चित्रात आपला मान शोधावा लागतो.

पुढच्या आठवड्यात रब्बी कांद्याच्या रोपवाटिकेकडे वळू.