स्वमग्न मुले आणि आपले मंडळ

यंदाच्या गणेशोत्सवातली गोष्ट. संध्याकाळची आरती चालू होती. झांजा, टाळ्या, वर लाऊडस्पीकर. सभागृहाच्या मागच्या ओळीत एक नऊ वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी कान दाबून मोठमोठ्याने ओरडू लागला. चार लोकांनी माना वळवल्या, कुणीतरी ‘पोराला वळण नाही’ असे पुटपुटले, आणि कार्यकारिणीतल्या एकाने पुढे होऊन त्याच्या आईला सांगितले, ‘‘वहिनी, याला जरा बाहेर घेऊन जा.’’ ती माउली प्रसाद न घेताच बाहेर गेली. सांगणारा तो सदस्य म्हणजे प्रस्तुत संपादकच, हे येथे कबूल केले पाहिजे.

मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, हे नंतर कळले. आठ दिवसांनी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्यांनी चहा केला, तक्रार केली नाही. एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊ, त्या दिवशी तुम्ही बाहेर काढलंत असं नाही. आम्ही गेली सहा-सात वर्षं बाहेरच उभे आहोत.’’ त्यानंतर दोन तास त्या जे बोलल्या त्यातूनच हा लेख झाला आहे. राजकारणाला वाहिलेल्या या पत्रात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते तो येथेच हवा. शाळा कोणाची, कागद कोणत्या कचेरीत अडतो आणि आपली भाषा कोणी सोडायची, हे प्रश्न राजकारणाचे नाहीत तर कशाचे?

आधी थोडी माहिती. ऑटिझम हा आजार नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते, आणि त्यामुळे बोलणे, दुसऱ्याशी संबंध जोडणे, आवाज-स्पर्श-उजेड सोसणे हे सारे वेगळ्या रीतीने होते. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली याचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे बरीच वर्षे आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे मोठमोठे विद्वान सांगत राहिले. ते साफ खोटे ठरले. आपल्याकडे मात्र सुनेच्या नोकरीला किंवा गरोदरपणी पाळलेल्या-न पाळलेल्या ग्रहणाला दोष देणे अजून संपलेले नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टराने गोवराच्या लसीशी ऑटिझमचा संबंध जोडला होता. ज्या ‘लॅन्सेट’ने तो लेख छापला त्यानेच २०१० मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये असा संबंध नसल्याचे दाखवण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलला बोल लावला, तेव्हा तसा ठाम पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने लगेच स्पष्ट केले. तात्पर्य, आईला दोष देणे आता पुरे.

ही मुले किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी देशात पाच ठिकाणी झाली होती. त्यांत उत्तर गोवा आणि हैदराबाद ही आपल्या माणसांची दोन ठिकाणेही होती. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत साधारण शंभरात एक मूल स्वमग्न असल्याचे त्यात दिसले. हाच हिशेब आपल्या मंडळाच्या कुटुंबांना लावला, तर हे एकट्या एका घरचे दुखणे नाही. मग बाकीची मुले दिसत का नाहीत? आपण त्यांना बाहेर जायला सांगितले म्हणून, किंवा आपण सांगू या भीतीने ती घराबाहेर पडलीच नाहीत म्हणून.

आता आमच्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट. हा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा एका उपचार केंद्रात त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आले की मूल गोंधळते, घरात एकच भाषा बोला, आणि ती शाळेची असू द्या. त्या दिवसापासून घरात मराठी बंद झाली. आईवडील मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘सिट’, ‘कम’, ‘ईट’ करू लागले. मुलाच्या आजींना मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत माया करता येत नाही. बाजारापुरती गुजराती येते, इंग्रजी मुळीच नाही. नातवाचे नुकसान नको म्हणून त्या त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. सहा वर्षे एका घरात राहून आजी नातवाशी एक शब्द बोलली नाही! आम्ही गेलो तेव्हा त्या शेजारच्या खोलीत माळ ओढत बसल्या होत्या.

हा सल्ला सद्हेतूने दिला जातो, पण त्याला आधार नाही. कॅनडातल्या माँट्रिऑल शहरातील संशोधकांनी २०१२ साली एक भाषा ऐकणाऱ्या आणि दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना करून पाहिली. दोन भाषांमुळे बोलणे अधिक मागे पडल्याचे त्यांना आढळले नाही. पुढच्या अभ्यासांचाही कल तसाच आहे. साध्या समजुतीनेही हे पटावे. ज्या मुलाला माणसांशी नाते जोडणेच अवघड, त्याच्याशी आईने स्वतःलाच न येणाऱ्या भाषेत बोलावे, म्हणजे मुळात मोजके असलेले शब्द आणखी कमी करावे, हा कोणता उपचार? आईच्या तोंडची भाषा सहज, भरपूर, अंगाईसकट येते. दोन वाक्ये कमी कळली तरी चालतील, पण बोलणारे माणूसच घरातून कमी झाले तर ती उणीव भरून निघत नाही.

मराठी शाळांसाठी निवेदने देताना आपण घटनेचे कलम ३५० (अ) पुढे करतो. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते कलम १९५६ पासून सांगते. आपल्याच घरातली सर्वांत दुबळी मुले मात्र मातृभाषेपासून तोडली जात आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही. तेव्हा आमचे सर्व आजी-आजोबांना सांगणे आहे, नातवाशी मराठीत बोला. तो उत्तर देत नसला तरी बोला. आणि एखाद्या केंद्रात भाषा सोडायला सांगितले, तर का म्हणून सोडायची ते नम्रपणे पण ठामपणे विचारा.

दुसरी गोष्ट शाळेची. या मुलाला एका शाळेने दोन महिन्यांत दाखला काढून न्यायला सांगितले, दुसरीने ‘जागा नाही’ म्हटले. आता तो घरी आहे. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीपासून सुरुवात करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या बडोद्यात हे घडते. महाराजांच्या पुतळ्याला आपण दर वर्षी हार घालतो. त्यांच्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड होता. आज पालक मुलाला घेऊन दारोदार फिरतात आणि शाळाच नाही म्हणते, तरी दंड कोणालाच नाही.

कायदा नाही असे मात्र नव्हे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ते आले, आणि हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. तेव्हा शाळा मेहेरबानी करत नाही, कर्तव्य करते, हे आपण आधी स्वतःला पटवले पाहिजे. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात चाळीस प्रश्नांची एक ठरावीक भारतीय चाचणी होते. ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आहे. ‘दाखला काढला तर मुलावर शिक्का बसेल’ या भीतीने अनेक घरे थांबतात. शिक्का समाज मारतोच. दाखला असेल तर निदान हक्क तरी मागता येतात.

तिसरी गोष्ट सर्वांत जड. त्या माउली म्हणाल्या, ‘‘माझ्यानंतर याचं काय?’’ मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील त्याचे पालक उरत नाहीत. बँकेचे खाते, वडिलोपार्जित वाड्यातला हिस्सा, सही, सगळे अडते. आपल्या जुन्या कुटुंबांत सामाईक वाडे आहेत, आणि ते विकायला निघताहेत. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून अशा भावाचा हिस्सा गिळला गेल्याची कुजबुज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकली आहे.

यावर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात उपाय आहे. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या पातळीवरील अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी स्थानिक समिती असते. ती ऑटिझम असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. त्याने हयगय केली तर त्याला दूरही करता येते. कायद्याप्रमाणे ही समिती साधारण तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी. याच कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे, आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. आपल्यात रेल्वे व केंद्र सरकारच्या नोकरीतले पुष्कळ आहेत. कमावण्यास असमर्थ असलेल्या अपंग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी आपण हयात असतानाच अपत्याचे नाव आणि वैद्यकीय दाखला कचेरीत नोंदवून ठेवावा. मागे राहिलेल्यांना हे कागद जमवणे फार कठीण जाते.

एक सावधगिरीचा इशारा. पालकांच्या असहायतेवर धंदा करणारेही आहेत. स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये घेतले जातात, त्यासाठी दागिने मोडले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ऑटिझम ‘बरा’ करणारे औषध नाही. बोलण्याचे, हातापायांचे, वागण्याचे शिक्षण लवकर आणि सातत्याने दिले तर मूल पुढे जाते, हाच खरा मार्ग. म्हणून वर्षभराचे मूल नावाला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असतील, तर ‘याचे आजोबाही उशिराच बोलले’ या समाधानावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता मंडळाने काय करावे? मते मागायला सगळेच पक्ष आपल्या वाड्यांच्या पायऱ्या चढतात. या वेळी नुसता हळदीकुंकवाचा सभामंडप मागायचा नाही. प्रत्येक उमेदवाराला हे चार प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरे या पत्रात छापायची.

१. नगरपालिकेच्या शाळांत विशेष शिक्षक किती आणि रिकाम्या जागा किती?

२. जिल्ह्याची स्थानिक समिती गेल्या वर्षी किती वेळा बसली आणि तिच्याकडे पालकत्वाचे किती अर्ज पडून आहेत?

३. सरकारी रुग्णालयात दाखल्यासाठी किती दिवस थांबावे लागते, आणि आईला तिच्या भाषेत प्रश्न विचारले जातात का?

४. अठरा वर्षांनंतर या मुलांसाठी दिवसभराचे एक तरी केंद्र आपल्या भागात कधी होणार?

आणि स्वतःकडेही पाहायचे. पुढच्या वर्षीपासून गणेशोत्सवात सकाळचा एक तास लाऊडस्पीकर आणि झांजांविना दर्शनाचा राहील, असा ठराव कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. आपल्यातले निवृत्त मामलेदार, वकील, बँकेतले अधिकारी यांनी महिन्याचा एक रविवार मंडळाच्या कचेरीत बसून अशा कुटुंबांचे अर्ज भरून द्यावेत. नावे गुप्त राहतील. दिल्लीतली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही आज देशभर ठाऊक असलेली संस्था १९९१ मध्ये अशाच एका आईच्या धडपडीतून उभी राहिली. आपल्या मंडळामागे तर एवढ्या जुन्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांचे बळ आहे.

निघताना त्या आजींना आम्ही माँट्रिऑलच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठल्या, नातवाच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, जेवलास का रे?’’ मुलाने वर पाहिले नाही. आजी तेथेच उंबऱ्यावर टेकल्या आणि बोलत राहिल्या.