मेंढरांना मत नसतं!

पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. आधी हा शब्दच तपासून घेऊ. राखणाऱ्यानं कधी मेंढरांची सभा बोलावली, कळपापुढं हिशेब ठेवला, असं कुणी ऐकलंय? मेंढरं लोकर देतात, शेवटी मान देतात. मत देत नाहीत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मी ज्या ख्रिस्ती मंडळ्या जवळून पाहिल्यात, तिथं महारवाड्या-मांगवाड्यातनं आलेल्या माणसाची जागा हीच.

तुमच्यातले काही लगेच म्हणतील, "ख्रिस्ती झाले ते गेले. त्यांच्या देवळातल्या भांडणाशी आपलं काय?" गेले कुठं, दोस्तांनो? माझ्या आजोळी अर्धं घर बौद्ध, अर्धं ख्रिस्ती. एका भिंतीवर बाबासाहेब, दुसऱ्या भिंतीवर क्रूस. मध्ये एकच चूल. गावच्या पाटलाला दोन्ही भिंती एकाच जातीच्या दिसतात. पाटलाला जे कळतं ते आपल्याला कळू नये?

इतिहास थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसं वऱ्हाडात आली. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशी ठाणी पडली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत लोक मुंग्यांसारखे मेले. तेव्हा अकोल्याला पोरांसाठी आणि खामगावला पोरींसाठी अनाथालयं चालली. ज्यांना गावच्या विहिरीचं पाणी नव्हतं त्यांच्या पोरांना भाकर मिळाली, पाटी मिळाली. हे नाकारील तो बेइमान. पण भाकर देणाऱ्याच्या हातात पगाराची वहीही होती. कुणी उपदेश करायचा, कुणी नुसतं ऐकायचं, हे त्या वहीवर ठरायचं. ही सगळ्याच मिशनांची रीत.

साहेबाच्या खालची पायरी कुणाची? नगरकडं बघा. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली तिथं ठाणं मांडलं. 1854 साली तिथल्या मंडळ्यांवर देशी पाळक नेमले ते हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघंही ब्राह्मण. जात सोडताना त्यांनी सोसलं, ते खोटं नाही. पण पुढं त्या मुलखात खेड्याखेड्यांतनं मंडळी भरली ती मुख्यतः महारा-मांगांनी. कळप आमचा, काठी दुसऱ्याची. खुद्द ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, तेव्हा कुठं त्यांना आपला 'देवाचा दरबार' मांडता आला. चित्पावन कवीला पगाराचा पट्टा एवढा काचत होता, तर मांगवाड्यातल्या सुवार्तिकाला किती काचला असेल? आणि गावोगाव पायपीट करून बायांना अक्षर शिकवणाऱ्या त्या बायबल-वुमन? टिळक पाठ्यपुस्तकात गेले. या बाया कुठं गेल्या?

"साहेब केव्हाच गेले, आता सगळे आपलेच आहेत," असं सांगतात. आपलेच आहेत म्हणूनच विचारतोय.

माझ्या मामेभावाचं सांगतो. गावाचं आणि मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जन्मापासून दर रविवारी उपासनेला जाणारा पोरगा. बाप्तिस्मा झालेला. दशमांश देणारा. वार्षिक सभेत त्यानं कंपाउंडच्या भाड्याचा हिशेब मागितला. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "रजिस्टरात तुझं नाव कुठाय?" नाव नव्हतंच. बापानं घातलंच नव्हतं. सभा पुढच्या विषयावर गेली. घरी आल्यावर मामी म्हणाली, "पाळकाले हिशेब नाई मांगू बाप्पा, पाप लागते."

नाव का नव्हतं? इथंच सगळी मेख आहे. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश काढा, तिसरा परिच्छेद वाचा. हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. 1956 मध्ये शीख आत घेतले. 1990 मध्ये बौद्ध. दीक्षेनंतर 34 वर्षं आपण भांडलो तेव्हा कुठं केंद्रानं दार उघडलं, विसरू नका. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग!

म्हणजे मंडळीच्या रजिस्टरात उघड नाव लिहायचं, तर पोराची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं कवच, सगळ्यावर पाणी सोडायचं. धर्म बदलला तरी वेस बदलत नाही. मार तोच, शिव्या त्याच. संरक्षण तेवढं गेलं. मग गरीब माणूस काय करील? रविवारी बाकावर बसतो आणि रजिस्टरापासून लांब राहतो. रजिस्टरात नाव नाही म्हणून सभेत मत नाही. मत नाही म्हणून वडीलमंडळात जागा नाही. जागा नाही म्हणून पाळक कायमचा, त्याच्यामागं त्याचा पोरगा, मेव्हणा खजिनदार. दिल्लीचा कायदा आणि गल्लीतला पाळक एकमेकांना ओळखतही नाहीत, पण दोघांनी मिळून आमचं तोंड शिवलंय.

आणि हे शिवलेलं तोंड जरा उसवलं, की शेवटचं हत्यार निघतं: मी देवाचा अभिषिक्त आहे, अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. वा रे वा! पोथी तुमचीच आहे ना? मग पुरी वाचा. दावीद राजा अभिषिक्तच होता. त्यानं दुसऱ्याची बायको घेतली, नवऱ्याला लढाईत पुढं घालून मारवलं. तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात गेला आणि गुन्हेगार तूच म्हणून तोंडावर सांगून आला. आमोस तर गुराखी, उंबराची झाडं राखणारा. कुठल्या धर्मपीठाचा शिक्का नव्हता त्याच्याकडं. बेथेलच्या याजकानं त्याला हाकललं, तरी बोलायचा थांबला नाही. येशूनं रात्री कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे गुलामाचं काम. तुम्ही स्टेजवर खुर्ची मधोमध मांडता आणि म्हाताऱ्या बायांना पाया पडायला लावता. कुणाचा वारसा चालवताय?

ज्या अधिकाराला हिशेब मागता येत नाही, तो ब्राह्मण्य. अंगावर सोवळं असो, पांढरा झगा असो, नाहीतर टाय.

कॅथलिकांकडं वेगळं आहे काय? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं. जातिभेद चर्चच्या आत आहे आणि नेतृत्वात दलित नगण्य आहेत, हे त्यात मान्य केलं. कळपात निम्म्याहून जास्त दलित असताना! ऑगस्ट 2022 मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. आनंद आहे. पण एक लाल टोपी रोमहून आली म्हणून वस्तीतल्या माणसाला मत मिळत नाही. बायांचं तर बोलूच नका. बाक भरतात त्या, वर्गणी जमवतात त्या, प्रार्थनेला घर झाडतात त्या. चर्च ऑफ साउथ इंडियानं 2013 साली पुष्पा ललिता यांना बिशप केलं, आकाश कोसळलं नाही. मग आमच्याकडं बाईच्या हातानं प्रभुभोजनाचा प्याला दिला तर काय विटाळ होतो?

आता नागपूर आठवा. 14 ऑक्टोबर 1956. बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडनं दीक्षा घेतली आणि मग वळून लाखोंना दीक्षा दिली ती स्वतः. अंगावर चीवर नव्हतं. संसारी माणूस. हजारो वर्षं ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या माणसानं धर्म देण्याचा अधिकार आपल्या हातात घेतला. कुणाची परवानगी मागितली? बुद्धानंही गादीवर वारस बसवला नव्हता. धम्म आहे, चालवा, एवढंच.

म्हणून माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना सांगतो: येशू सोडा असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. पण मेंढरू होणं सोडा. पाळक तुम्ही निवडा, ठरावीक वर्षांसाठी. हिशेब भिंतीवर लावा. बायांना दीक्षा द्या. बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला मत द्या, रजिस्टर असो-नसो.

आणि माझ्या पँथर दोस्तांना सांगतो: 1950 च्या तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धचा मोर्चा आपला आहे. 1990 ला आपल्यासाठी दार उघडलं म्हणून मागच्यांच्या तोंडावर ते लावून घेणारे आपण कोण? आणि मोर्चाला निघण्याआधी आपल्या जयंतीच्या बॅनरवर नजर टाका. बाबासाहेबांपेक्षा मोठा फोटो कुणाचा आहे? वर्गणीचा हिशेब कुणी, कधी मागितला? आपल्याकडंही अभिषिक्त झालेत, लेको!

तेव्हा विहार असो, मंडळी असो, शाखा असो. पहिला ठराव एकच: वही उघडा!