खाद्यजत्रेचं कूपन आणि भुकेचा हिशेब

कॉलेजात भाषा विभागाची पोरंपोरी खाद्यजत्रा भरवतात. जर्मनवाले केक मांडतात, जपानीवाले भाताचे गोळे वळतात, मराठीवाले पुरणपोळी नि कोथिंबीरवडी विकतात, संस्कृतवाले श्रीखंडाच्या पातेल्यामागं उभे राहून श्लोक म्हणतात. कूपनं खपतात, गल्ला जमतो. तो ‘भुकेल्यांसाठी’ म्हणून एखाद्या संस्थेच्या हवाली होतो. फोटो निघतात. भूक जिथं होती तिथंच ऱ्हाते.

दोस्तांनो, या पोरांच्या मनात खोट हाय असं आम्ही म्हणत नाही. पोरं राबतात, हात भाजून घेतात. पण दोन सवाल विचारल्याबिगर आम्ही कूपन फाडणार नाही.

पहिला सवाल. मराठीच्या टेबलावर मराठी कुणाची? महारवाड्यात, मांगवाड्यात जे शिजलं ते कुठंय? चान्या कुठायत? रक्ती, वजडी, हुलग्याचं माडगं, कण्या, तरोट्याची भाजी? हे शब्द मराठी नाहीत काय? शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं कागदावर आणलं. तरी तुमची ‘महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती’ पेठेची वेस ओलांडत नाही. आणि कुणी आपलं ताट मांडलंच तर? हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १५ एप्रिल २०१२ ला दलित विद्यार्थ्यांनी बीफ फेस्टिव्हल भरवला, तर तिथं हाणामारी झाली. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली हॉस्टेलच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं राखली. निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड ठोकला. म्हणजे संस्कृती सगळ्यांची, टेबल मात्र त्यांचं!

दुसरा सवाल. भूक आली कुठून? आभाळातून पडली? येसकर दारोदार भाकर मागत फिरला, कारण गावचं काम त्याचं आणि गावची जमीन दुसऱ्याची. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बजावलं, मेलेलं जनावर सोडा, शिळे तुकडे सोडा. त्याच महाडात २० मार्चला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर सवर्णांचा जमाव मंडपात घुसला आणि जेवणात माती कालवली. ज्यांनी उष्टं नाकारलं त्यांच्यापुढं आज परत केकच्या गल्ल्यातली चिल्लर सरकवता?

आपल्याकडं भूक हटली ती कुणाच्या दयेनं नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो गिळला, पण काम द्या म्हणून मोर्चेही काढले. त्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरिबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. पण किती माणसांना द्यायचं तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधला, आणि २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. मधल्या काळात वाढलेली तोंडं कुठल्या यादीत शोधायची? पुरणपोळीचं कूपन या सवालाला उत्तर देत नाही. उलट सवाल झाकून टाकतं. भरल्या पोटाला वाटतं, आपण आपलं काम केलं.

तवा भाषेच्या पोरांनो, तुमच्याकडं एक हत्यार हाय. तुम्हाला लिहिता येतं, कायदा वाचता येतो. वस्तीत या. रेशनकार्डात नाव नसलेल्या म्हातारीचा अर्ज लिहा. रेशन दुकानाच्या काट्यापाशी उभे ऱ्हा. कायदा तिच्या बोलीत वाचून दाखवा. आणि जत्रा भरवायचीच असेल तर श्रीखंडाशेजारी माडगं ठेवा, चान्या ठेवा, त्यांच्या नावानिशी ठेवा. विकू नका. ज्यांच्यासाठी गल्ला गोळा करता त्यांना बोलवा, आणि एका पंगतीत मांडीला मांडी लावून जेवा.

हे जमत असेल तर आम्ही भाकरी थापायला येतो. जमत नसेल तर भुकेचं नाव घेऊ नका. साधी खाऊगल्ली म्हणा आणि मोकळे व्हा.